एकविसावा प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी आपल्या महाविद्यालयात तपासणीची समिती येऊन गेली, हे सर्वांना आठवत असेलच. ती येण्याआधी पंधरा दिवस भिंतींना रंग लागला, जिन्याखालची मोडकी बाके हलली आणि ग्रंथालयाच्या दाराशी कुंड्या आल्या. आम्हा प्रथम वर्षाच्या मुलींकडे रांगोळीचे काम होते. घरी पाहुणे यायचे म्हणजे सारवण आलेच, त्यात गैर काही नाही. मलाही त्या दिवसांत आपले कॉलेज फार देखणे वाटले होते.

त्याच सुमारास आम्हा काही विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर एक प्रश्नावली आली. तिला 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' म्हणतात. तीत एकवीस प्रश्न असतात. पहिल्या वीस प्रश्नांना पर्याय दिलेले असतात आणि चारपासून शून्यापर्यंत गुण असतात. वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून झाला, अध्यापक तयारी करून येतात का, अंतर्गत गुणदान न्याय्य असते का, असे ते प्रश्न. आमच्यापर्यंत आलेली प्रश्नावली इंग्रजीत होती. मागच्या बाकावरची एक ताई म्हणाली, "वाचत काय बसलीस? सगळीकडे पहिला पर्याय दाब." मी दाबला. वीस प्रश्नांना वीस वेळा.

एकविसावा प्रश्न मात्र तसा नव्हता. तेथे पर्याय नव्हते, मोकळी जागा होती. आपल्या संस्थेतील अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहा, असे तेथे म्हटले होते. ती जागा मी कोरी सोडली. लिहिण्यासारखे काही नव्हते म्हणून नव्हे. लिहिले तर कॉलेजचे नाव खराब होईल, आणि मी कोण लागून गेले सूचना करणारी, असे वाटले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा विचार केला.

आज वर्षभराने तो प्रश्न मी येथे सोडवायला घेत आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून रोज एस.टी.ने येणारी, तीन एकर कोरडवाहू कपाशी असलेल्या घरातली मुलगी आहे. वडिलांना सही येते, आईला तीही येत नाही. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा लहान तोंडी मोठा घास झाला तर गुरुजनांनी समजून घ्यावे.

प्रथम हे मूल्यमापन आले कोठून ते पाहू. अमळनेरचे प्रताप आणि जळगावचे मूळजी जेठा ही महाविद्यालये १९४५ साली निघाली. तेव्हा खानदेशातल्या मुलांना कॉलेज मिळाले यातच सर्वांना आनंद होता. कॉलेज कसे चालते हे बाहेरून येऊन मोजावे, ही कल्पना बरीच नंतरची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि १९९२ च्या कृती कार्यक्रमाने तिला चालना दिली आणि १९९४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूरला 'नॅक' म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद स्थापन केली. या पद्धतीत महाविद्यालय प्रथम स्वतःच स्वतःचा अहवाल लिहिते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष वर्षाकाठी आणखी एक अहवाल पाठवतो. मग बाहेरची समिती येऊन पाहते. अभ्यासक्रम, अध्ययन-अध्यापन, संशोधन, भौतिक सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन, आणि मूल्ये व उत्तम उपक्रम असे सात निकष असतात. २०१७ च्या आराखड्यात संलग्न महाविद्यालयासाठी एक हजार गुणांपैकी साडेतीनशे गुण एकट्या अध्ययन-अध्यापन व मूल्यमापन या निकषाला होते. शेवटी चारपैकी सरासरी निघते आणि तिच्यावरून श्रेणी ठरते.

आपणच आपल्याकडे पाहावे आणि उणे असेल ते भरून काढावे, हा हेतू मला फार चांगला वाटतो. माणसाने वर्षातून एकदा तरी स्वतःचा हिशोब करावा, तसेच संस्थेनेही करावा. परंतु हिशोबाचे बक्षीस मिळू लागले की हिशोबाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्र प्रदेशातल्या एका अभिमत विद्यापीठाच्या तपासणीवरून समितीच्या अध्यक्षांसह काही सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपाखाली केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली, ही बातमी आपण वाचली असेल. तेवढ्या थराला सर्वत्र गोष्टी जात नाहीत हे उघड आहे. पण सारवलेल्या अंगणावरून घराची परीक्षा होऊ लागली की घरातले लोक अंगणच सारवत बसतात.

तथापि मला सांगायचे आहे ते लाचेविषयी किंवा रंगाविषयी नाही. मला सांगायचे आहे ते एका साध्या भागाकाराविषयी.

उत्तीर्णतेची टक्केवारी कशी काढतात? अंतिम वर्षाच्या परीक्षेला जितके बसले त्यांपैकी जितके पास झाले त्यांची टक्केवारी. नॅकच्या आराखड्यातही हेच सूत्र आहे. आता समजा, प्रथम वर्षाला शंभर मुलांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला साठ बसले आणि चोपन्न पास झाले. चोपन्न भागिले साठ म्हणजे नव्वद टक्के. फलकावर 'नव्वद टक्के निकाल' असे लागेल आणि ते खोटेही नसेल. पण जे चाळीस जण मधल्या दोन वर्षांत कोठेतरी उतरून गेले, ते या भागाकारात वरही नाहीत आणि खालीही नाहीत. उलट, कच्ची मुले जितकी लवकर जातील तितका निकाल वाढेल. ज्या मापात माणसे गमावल्याने गुण वाढतात, त्या मापात कोठेतरी चूक आहे असे म्हणावे लागते.

समाधानाच्या सर्वेक्षणाचेही तेच. प्रश्नावली जाते ती पटावर असलेल्यांना. समाधान झाले नाही म्हणून जो निघून गेला त्याला कोण विचारणार?

माझे वडील असा हिशोब करत नाहीत. कपाशीचे बी टोकल्यावर आठ-दहा दिवसांनी ते तास न् तास शेतात वाकून फिरतात. उगवलेल्या रोपांकडे त्यांचे लक्ष नसते. ज्या चौफुलीवर काहीच उगवले नाही ती जागा ते शोधतात. तिला आमच्याकडे नांगी म्हणतात. बी कुजले, किड्याने खाल्ले की खोल गेले, ते माती उकरून पाहतात आणि तेथे दुसरे बी लावतात. नांग्या भरल्याशिवाय शेत झाले असे ते म्हणत नाहीत. वेचणीच्या वेळी एकरी उत्पन्न काढतात तेसुद्धा सगळ्या एकराचे, उभ्या राहिलेल्या झाडांपुरते नव्हे. सही येणाऱ्या माणसाला जे कळते ते आपल्या अहवालांना का कळू नये?

म्हणून मी या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावापुरत्या नांग्या मोजल्या. आमच्या एस.टी.च्या थांब्यावरून आम्ही अकरा जणांनी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला होता. आज सात येतो. चार जण का गेले ते मी त्यांना किंवा त्यांच्या घरी जाऊन विचारले.

एका मुलीचे मे महिन्यात लग्न झाले. ती सुरतेकडे असते. तिचे प्रथम वर्षाचे सगळे विषय सुटलेले आहेत. एक मुलगाही सुरतेलाच कापडाच्या कारखान्यात लागला, कारण घरावर कर्ज होते आणि तो थोरला होता. दुसऱ्या मुलाचे पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. ए.टी.के.टी. म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून सांगितले नव्हते आणि त्यानेही कोणाला विचारले नाही. नापास म्हणजे नापास, वर्ष गेले, असे त्याच्या घरी समजले. तो आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो.

चौथी माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण. आपला पहिला तास साडेसातला होता आणि आमची पहिली गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचत असे. त्यामुळे आम्हा दोघींची त्या विषयाची हजेरी कमी भरली आणि नियमाप्रमाणे पालकांना पत्रे गेली. तिच्या वडिलांनी पत्र वाचले आणि एवढेच विचारले, "रोज घरातून निघतेस, मग कॉलेजला नसतेस तर असतेस कुठे?" या प्रश्नाला खेड्यातल्या मुलीजवळ उत्तर नसते. असले तरी कोणी ऐकत नाही. त्या आठवड्यात तिचे कॉलेज बंद झाले.

तसेच पत्र माझ्याही घरी आले होते. आमच्या घरी वाचता येणारी मी एकटीच. मी ते वाचले, घडी घातली आणि पिठाच्या डब्यामागे ठेवून दिले. आज मी द्वितीय वर्षात बसले आहे ती माझ्या हुशारीमुळे नव्हे. माझ्या वडिलांना वाचता येत नाही म्हणून मी शिकते आहे. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

पुढे सव्वा महिन्याने मी धीर करून एका सरांना गाडीची वेळ सांगितली. ते म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलेत?" त्यांनी दोन दिवसांत वेळापत्रक बदलून तो तास तिसऱ्या जागी नेला. दोन दिवसांत! कोणाचा खर्च झाला नाही, कोणाची परवानगी लागली नाही. फक्त ते सांगायला तोवर माझी मैत्रीण तेथे नव्हती.

यावर कोणी म्हणेल की मुले जातात ती घरच्या कारणांनी. गरिबी, लग्न, शेती, यांवर कॉलेजने काय करावे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. माझ्या चार जणांपैकी दोघे घरच्या कारणाने गेले. पण दोघे आपल्या कारणाने गेले. एकाला एक शब्द समजावून सांगायला हवा होता, दुसरीसाठी एक तास हलवायला हवा होता. घरचे कारण कोणते आणि आपले कोणते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. न विचारता सगळी कारणे घरावर ढकलणे सोपे जाते.

दुसरे कोणी म्हणेल की अध्यापकांना आधीच कागदांचे ओझे थोडे नाही. तेही खरे आहे. अहवालाच्या दिवसांत आपले सर आणि मॅडम संध्याकाळी उशिरापर्यंत फायली लावताना मी पाहिले आहेत. कितीतरी महाविद्यालयांत जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावरचे अध्यापक तुटपुंज्या मानधनावर विभाग ओढत आहेत. म्हणूनच मला वाटते की हे काम आपण विद्यार्थ्यांनी उचलावे.

गळती हा शब्द आपल्याकडे काही नवा नाही. प्राथमिक शाळांतील गळतीकडे हार्टोग समितीने १९२९ मध्येच बोट दाखवले होते. आज शाळेतले एखादे मूल यायचे थांबले तर शिक्षक त्याच्या घरी चौकशीला जातात. कॉलेजातला मुलगा यायचा थांबला तर त्याचा रोल नंबर दुसऱ्याला जातो. अमेरिकेत १९९० साली या बाबतीत कायदा झाला. तेथे सरकारी विद्यार्थी-साहाय्य घेणाऱ्या महाविद्यालयाला सांगावे लागते की पूर्ण वेळ प्रवेश घेतलेल्या नव्या तुकडीपैकी किती जणांनी ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी सहा वर्षांत, शिक्षण पुरे केले. तेथे भागाकाराच्या खाली प्रवेश घेतलेले असतात, परीक्षेला बसलेले नव्हेत. तेथे सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही, पण भागाकार तरी सरळ आहे.

आपल्याकडेही आता दार किलकिले झाले आहे. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले. त्यात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी सोय आहे. मिळवलेली श्रेयांके, ज्यांना आपण क्रेडिट म्हणतो, 'ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त सात वर्षे ती वापरता येतात. म्हणजे सुरतेला गेलेली माझी मैत्रीण उद्या परत शिकू म्हणेल तर तिची ठेव शिल्लक आहे. पण हे तिला सांगितले कोणी? मी सांगितले तेव्हा तिला ते प्रथमच कळले. या सोयीचा एक धोकाही मला दिसतो. उद्या जो जो गळेल त्याच्या नावापुढे 'निर्गमन' असे लिहून आपण मोकळे होऊ. सोडावे लागणे आणि सोडणे यांतला फरक कागदावरून पुसला जाऊ नये.

आता एकविसाव्या प्रश्नाचे उत्तर. तीन सूचना मागितल्या होत्या, तीनच देते.

पहिली सूचना. प्रत्येक विभागात नांग्यांची एक वही असावी. ऑगस्ट महिन्यात मागच्या वर्षीचा पट आणि यंदाचा पट शेजारी ठेवावा. जो आला नाही त्याच्या गावचा किंवा त्याच्या गाडीने येणारा विद्यार्थी शोधावा. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक खेडोपाडी शिबिरे घेतातच. त्यांनी त्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा, "का थांबलात?" आणि एकच गोष्ट सांगावी, की तुमची क्रेडिट जमा आहेत, परत येता येते. नाव न लिहिता कारणे वहीत उतरावीत आणि वर्षातून एकदा प्राध्यापकांनी ती वाचावीत.

दुसरी सूचना. याच वार्षिक अंकात निकालाचा अहवाल छापतात. तेथे परीक्षेला बसलेल्यांच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा छापावा: तीन वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण पदवीपर्यंत पोचले. आकडा लहान निघेल, पण तो आपला खरा आकडा असेल. पुढच्या वर्षी तो वाढला तर त्या आनंदासाठी रांगोळी काढायला मी पहिली येईन.

तिसरी सूचना. अभिप्रायाचा आपला अर्ज मराठीत असावा, त्यावर नाव नसावे आणि तो वर्षअखेरीस न घेता सत्राच्या मध्यावर घ्यावा, म्हणजे भरणाऱ्यालाच त्याचा उपयोग होईल. त्यातून काय बदलले ते महिन्याभरात सूचनाफलकावर लागावे. आणि गैरहजेरीचे पत्र घरी धाडण्याआधी त्या विद्यार्थ्याला एकदा समोर बोलावून कारण विचारावे.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना जागा ठेवलेली आहे. विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, स्नेहसंमेलनाच्या मंडपाची चर्चा आपण त्यांच्याशी करतोच. एकदा या वहीचीही करू या.

आपले विद्यापीठ १५ ऑगस्ट १९८९ रोजी स्थापन झाले आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचे नाव आहे. आसोद्याच्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे पुस्तक निघू शकले. टिपून घेणारे कोणी नसते तर आपल्याला काय गमावले हेसुद्धा कळले नसते. आपल्या वर्गातून कोण कोण गेले आणि जाताना ते काय घेऊन गेले, हे तरी आज आपल्याला कोठे ठाऊक आहे?

माझी हजेरीवाली मैत्रीण मला आठवड्याच्या बाजारात भेटते. दर वेळी ती विचारते, "आपलं कॉलेज कसं चाली राहिनं?" ती अजून 'आपलं' म्हणते. मी "चांगलं चाललंय" एवढेच सांगून भाजी निवडू लागते. यंदा पुन्हा प्रश्नावली येईल. मी वीस प्रश्न वाचून भरीन, आणि एकविसावा कोरा सोडणार नाही.